एक घर, दोन रिपोर्ट

"लग्नाला आठ वर्षं झाली, दोन मुलं झाली. मग हिला कसा नाही झाला?"

एचआयव्ही तपासणी केंद्रातल्या कोणत्याही समुपदेशकाला हा प्रश्न नवा नाही. नवऱ्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि बायकोचा निगेटिव्ह. कधी नेमकं उलटं. आधी सुटकेचा निःश्वास पडतो, आणि लगेच शंका डोकं वर काढतात. रिपोर्टांची अदलाबदल झाली असेल का? हिच्या अंगात काही वेगळीच ताकद आहे का? आता आम्ही एकत्र राहायचं की नाही? मूल होऊ द्यायचं की नाही?

अशा जोडप्यांना आरोग्यसेवेत 'डिसकॉर्डंट कपल' म्हणतात. दोघांच्या रिपोर्टांचा मेळ बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. भारतात आज सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. त्यामुळे असं जोडपं आपल्या गावात, आपल्या इमारतीत, आपल्या नात्यातही असू शकतं. आपल्याला ते माहीत नसतं, कारण ते सांगत नाहीत. त्यांना स्वतःलाही बऱ्याचदा ठाऊक नसतं की त्यांच्या भीतीचा फार मोठा भाग विज्ञानानं केव्हाच दूर केला आहे.

विषाणू का पोचला नाही?

एचआयव्ही हा तसा सहज पसरणारा विषाणू नाही. एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं, टॉवेल वापरल्यानं, मिठी मारल्यानं, डास चावल्यानं तो पसरत नाही. उपचार सुरू नसलेल्या व्यक्तीशी निरोधाशिवाय संबंध आला तरी प्रत्येक वेळी लागण होतेच असं नाही. योनिमार्गाच्या संबंधात सरासरी दर १०,००० संबंधांमागे पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याची शक्यता सुमारे ८ आणि स्त्रीकडून पुरुषाला सुमारे ४, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

हे आकडे वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. ही सरासरी आहे, आणि वर्षानुवर्षांच्या सहवासात धोका साठत जातो. शिवाय लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातल्या विषाणूंची संख्या प्रचंड असते, तेव्हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. जननेंद्रियावर जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल, तरीही तो वाढतो. आठ वर्षं काही झालं नाही, याचा अर्थ नवव्या वर्षी होणार नाही, असा होत नाही.

निगेटिव्ह जोडीदाराच्या अंगात जन्मजात कवच असेल, ही समजूतही सोडून द्यायला हवी. असं कवच देणारा एक जनुकीय बदल जगात आहे खरा, पण तो मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या थोड्या लोकांत सापडतो. भारतीयांत तो जवळजवळ आढळत नाही. आपल्याकडच्या जोडप्यांमध्ये विषाणू पोचला नाही, यामागची कारणं बहुधा साधी असतात: पॉझिटिव्ह जोडीदाराच्या रक्तात विषाणू कमी असणं, निरोधाचा वापर, दुसरा गुप्तरोग नसणं आणि काही प्रमाणात निव्वळ योगायोग.

विषाणूंच्या संख्येचं महत्त्व आफ्रिकेत ठळकपणे पुढे आलं. युगांडातल्या राकाई जिल्ह्यात अशा ४१५ जोडप्यांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या १,५०० पेक्षा कमी प्रती असलेल्या एकाही व्यक्तीकडून तिच्या जोडीदाराला लागण झाली नव्हती. रक्तातल्या या संख्येला 'व्हायरल लोड' म्हणतात. मग पुढचा प्रश्न ओघानंच आला: औषधांनी ही संख्या खाली आणली, तर लागण थांबेल का?

भोसरीचा वाटा

या प्रश्नाचं उत्तर ज्या प्रयोगातून मिळालं, त्यात पुण्याचा वाटा आहे. मराठी माणसाला हे माहीत असायला हवं.

'एचपीटीएन ०५२' या नावाचा हा प्रयोग नऊ देशांत झाला. भारतातली त्याची केंद्रं चेन्नईत आणि पुण्यात होती. पुण्यात हे काम भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनं केलं. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी त्यात सामील झाली. त्यांचे दोन गट केले. एका गटात पॉझिटिव्ह जोडीदाराला लगेच औषधं सुरू केली. दुसऱ्या गटात प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावर किंवा एड्सशी संबंधित आजार झाल्यावर औषधं द्यायची, असं ठरलं. त्या काळी जगभर तीच पद्धत होती. दोन्ही गटांना निरोध आणि समुपदेशन सारखंच मिळत होतं.

प्रयोग आणखी काही वर्षं चालायचा होता. पण एप्रिल २०११ च्या अखेरीस देखरेख समितीनं हाती आलेली माहिती पाहिली आणि निष्कर्ष ताबडतोब जाहीर करायला सांगितलं. एका जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याची २८ प्रकरणं निश्चित झाली होती. त्यांतली २७ उशिरा औषध मिळालेल्या गटातली होती आणि लवकर औषध मिळालेल्या गटातलं फक्त १. लवकर उपचारानं लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली होती. त्यानंतर सर्वांनाच औषधं देऊ करण्यात आली. 'सायन्स' या नियतकालिकानं हा निष्कर्ष त्या वर्षीचा सर्वांत मोठा वैज्ञानिक टप्पा म्हणून निवडला.

विषाणू नक्की जोडीदाराकडूनच आला, हे कसं ओळखलं? दोघांच्या शरीरातल्या विषाणूंच्या जनुकीय रचनेची तुलना करून. काही प्रकरणांत ती जुळली नाही, म्हणजे लागण घराबाहेरून आली होती. ही गोष्ट कोणाला बोट दाखवण्यासाठी सांगत नाही. जोडीदाराचे उपचार घरातला धोका थांबवतात, बाहेरून येणारा धोका थांबवत नाहीत, एवढं त्यातून लक्षात घ्यायचं. २०१६ साली अंतिम निष्कर्ष आले, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. औषधांमुळे ज्यांच्या रक्तातला विषाणू कायम दबलेला होता, त्यांच्यापैकी एकाकडूनही जोडीदाराला लागण झाली नव्हती.

या प्रयोगातल्या जोडप्यांची नावं कोणालाच कळणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण आज जगभर एचआयव्हीचं निदान होताच औषधं सुरू करतात, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत या अनाम घरांचं मोठं ऋण आहे.

सापडत नाही, म्हणून पसरत नाही

'एचपीटीएन ०५२' प्रयोगात निरोधाचा वापर बराच होता. मग निरोध न वापरणाऱ्यांचं काय? युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासानं तेच तपासलं. पॉझिटिव्ह जोडीदार औषधावर, व्हायरल लोड दबलेला, आणि निरोधाशिवाय संबंध, अशा ८८८ जोडप्यांची माहिती २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यात सुमारे ५८,००० संबंध आले होते. जोडीदाराकडून झालेल्या लागणी शून्य. २०१९ साली ७८२ समलिंगी पुरुष जोडप्यांच्या अभ्यासातूनही तेच उत्तर मिळालं: शून्य.

इंग्रजीत हे सूत्र 'यू इक्वल्स यू' म्हणून ओळखलं जातं. मराठीत ते असं सांगता येईल: विषाणू तपासणीत सापडत नाही, म्हणून तो शरीरसंबंधातून पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली हे अधिकृतपणे मांडलं. व्हायरल लोड न सापडण्याइतका कमी असेल, तर शरीरसंबंधातून लागण होण्याचा धोका शून्य. तो सापडतो, पण १,००० प्रतींच्या आत आहे, तर धोका जवळजवळ शून्य.

हे घडतं कसं? एचआयव्ही आपल्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि तिथं स्वतःच्या जनुकीय माहितीची डीएनएच्या रूपात नक्कल करतो. मग ती नक्कल आपल्या डीएनएत घुसवतो. त्यानंतर आपलीच पेशी नवे विषाणू बनवत राहते. सध्या भारतात बहुतेकांना दिवसाला एकच गोळी मिळते, तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं असतात. पहिली दोन नक्कल तयार होण्याच्या पायरीवर विषाणूला अडवतात, तिसरं औषध डीएनएत घुसण्याच्या पायरीवर. नव्या पेशी बळी पडायच्या थांबल्या की रक्तातली विषाणूंची संख्या उतरू लागते. ती न सापडण्याइतकी खाली यायला सहा महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो.

इथं एक गोंधळ घरोघरी होतो. व्हायरल लोड 'नॉट डिटेक्टेड' आला की काही जण आजार बरा झाला असं समजून गोळ्या बंद करतात. काही जण पुन्हा साधी एचआयव्ही तपासणी करतात, ती पॉझिटिव्ह येते, आणि आधीचा रिपोर्ट खोटा होता असं त्यांना वाटतं. दोन्ही रिपोर्ट खरे असतात. साधी तपासणी शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती आयुष्यभर राहतात. व्हायरल लोडची तपासणी रक्तातला विषाणू मोजते. काही पेशींत विषाणू सुप्तावस्थेत दडून असतो. गोळ्या बंद केल्या की बहुधा काही आठवड्यांतच तो परत रक्तात उतरतो. म्हणून गोळी रोज आणि कायम घ्यायची.

सूत्राच्या मर्यादाही नीट सांगायला हव्यात. ते शरीरसंबंधांपुरतं आहे. सुई किंवा सिरिंज सामायिक वापरण्याला ते लागू होत नाही. गोळ्या चुकल्या, खंड पडला, विषाणू औषधाला दाद देईनासा झाला, तर संरक्षण उरत नाही. ते कळायला व्हायरल लोडची तपासणी वेळेवर व्हायला हवी. सुरुवातीला सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी ती सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून, मोफत होते. इतर गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा यांपासून निरोधच वाचवतो.

पॉझिटिव्ह जोडीदाराच्या उपचारांच्या पहिल्या सहा महिन्यांत निगेटिव्ह जोडीदारासाठीही औषध आहे. त्याला 'प्रेप' म्हणतात, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या गोळ्या. केनिया आणि युगांडातल्या ४,७०० हून अधिक जोडप्यांच्या अभ्यासात, प्रेपच्या दोन औषधांच्या गोळीनं लागण ७५ टक्क्यांनी कमी झाली. निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, २८ दिवसांचं 'पेप' औषध सुरू करता येतं. निगेटिव्ह जोडीदाराची तपासणी मात्र ठरावीक अंतरानं, साधारण दर सहा महिन्यांनी, होत राहावी. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी ती तीन महिन्यांनी पुन्हा करावी, कारण अगदी ताजी लागण लगेच दिसत नाही.

पाळणा हलू शकतो

लग्नानंतर वर्ष उलटलं की घरात, शेजारात, लग्नकार्यात एकच प्रश्न विचारला जातो. रिपोर्ट लपवून जगणाऱ्या जोडप्याला तो फार बोचतो. विचारणाऱ्याला वाटतं की यांचं काहीतरी बिनसलंय. खरं तर दोघंही मूल हवं असताना घाबरून दूर राहिलेले असतात.

नवरा पॉझिटिव्ह असेल, गोळ्या नियमित असतील आणि व्हायरल लोड किमान सहा महिने दबलेला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं नैसर्गिक मार्गानं गर्भधारणा होऊ शकते. बायको निगेटिव्ह राहिली, तर बाळाला एचआयव्ही होण्याचा प्रश्नच येत नाही. बाळाला विषाणू आईकडून मिळतो, वडिलांच्या वीर्यातून थेट मिळत नाही.

बायको पॉझिटिव्ह असेल, तर गरोदरपणात, बाळंतपणात आणि अंगावर पाजताना विषाणू बाळाकडे जाऊ शकतो. काहीच उपाय केले नाहीत, तर ही शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि जन्मानंतर बाळाला प्रतिबंधक औषध मिळालं, तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. गर्भधारणेपूर्वीच आईचा व्हायरल लोड दबलेला असेल, तर त्याहूनही कितीतरी कमी. भारतात पहिले सहा महिने केवळ अंगावरचं दूध देण्याचा सल्ला दिला जातो. आईच्या गोळ्या चालू राहणं हेच त्या काळात बाळाचं संरक्षण. बाळाची पहिली खास तपासणी सहा आठवड्यांनी होते. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात बराच काळ राहत असल्यानं अंतिम निकाल १८ महिन्यांनी कळतो. तोवरच्या साध्या तपासणीवरून कोणी घाबरू नये.

आधी तपासणी कोणाची?

आपल्या समाजात एक अन्याय वर्षानुवर्षं चालत आला आहे, त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. गरोदरपणात प्रत्येक स्त्रीला एचआयव्हीची तपासणी सुचवली जाते, त्यामुळे अनेक घरांत पहिला रिपोर्ट तिचा असतो. तो पॉझिटिव्ह आला की घर म्हणतं, "हिनंच आणला." नवऱ्यानं तपासणीच केलेली नसते, कधी तो करायलाही नकार देतो. तपासणी आधी कोणाची झाली, यावरून लागण आधी कोणाला झाली हे ठरत नाही. साधा रिपोर्ट तारीख सांगतो तपासणीची, लागणीची नव्हे.

नवरा निगेटिव्ह निघाला, तर तिची अवस्था आणखी कठीण होते. विषाणू लग्नाआधीच्या आयुष्यातून, अत्याचारातून, असुरक्षित रक्तातून किंवा सुईतून, काही जणींत तर जन्मतःच आलेला असू शकतो. पण चौकशी उपचारांची न होता चारित्र्याची होते. माहेरी पाठवणी होते, भांडी वेगळी होतात, मूल तिच्यापासून दूर ठेवलं जातं. नवरा पॉझिटिव्ह असताना निगेटिव्ह बायकोनं मात्र त्याची सेवा करावी, अशीच अपेक्षा असते. आजार एकच, पण दोघांना वेगवेगळा न्याय. हे थांबायला हवं.

कायद्याचा आधार

१९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात एचआयव्हीबाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्क जणू स्थगित असल्याचं म्हटलं होतं. २००२ साली न्यायालयानंच ते भाष्य अनावश्यक होतं असं स्पष्ट केलं. आज दोघा सज्ञान व्यक्तींनी सगळं माहीत असताना लग्न करण्याला कायद्याची आडकाठी नाही.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांबाबत भेदभाव करता येत नाही. अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की हे संरक्षण पॉझिटिव्ह व्यक्तीसोबत राहणाऱ्या निगेटिव्ह जोडीदारालाही आहे. नवऱ्याला एचआयव्ही आहे म्हणून बायकोला कामावरून काढणं, हाही भेदभावच.

जोडीदाराला सांगायचं की नाही, याबद्दलही कायदा बोलतो. जोडीदाराला मोठा धोका आहे, समुपदेशन करूनही व्यक्ती सांगायला तयार नाही, असं दिसलं, तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्या व्यक्तीला आधी कल्पना देऊन, जोडीदाराला समक्ष आणि समुपदेशन करून सांगू शकतात. मात्र सांगितल्यानं, विशेषतः स्त्रीला, मारहाण होण्याची किंवा टाकून दिलं जाण्याची रास्त भीती असेल, तर सांगू नये असं कायदाच म्हणतो. त्याचबरोबर, आपल्याकडून दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून काळजी घेणं हे पॉझिटिव्ह व्यक्तीचं कर्तव्य आहे, हेही त्यात लिहिलं आहे.

दोघांचं औषध

औषधांची कमतरता हा आता मुख्य अडसर राहिलेला नाही. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा परदेशी कंपन्यांच्या औषधांसाठी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागत होते. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत औषधं सुरू केली, त्यात महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी होता. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला, प्रतिकारशक्ती कितीही असो, लगेच औषध मिळतं.

अडसर आहे तो लपवालपवीचा. कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून माणसं दुसऱ्या तालुक्यात औषध आणायला जातात. गोळ्या दुसऱ्याच डबीत भरून ठेवतात. घरात पाहुणे आले, लग्नाला चार दिवस बाहेरगावी गेलं, की गोळी चुकते. म्हणून निगेटिव्ह जोडीदाराला विश्वासात घेणं हा उपचाराचाच भाग आहे. रात्री जेवण झाल्यावर "गोळी घेतलीस का?" असं विचारणारं माणूस घरात असलं, की गोळी चुकत नाही, आणि गोळी चुकली नाही, की विचारणारंही सुरक्षित राहतं.

कित्येक जोडपी निकाल कळल्यापासून वेगळ्या खोल्यांत झोपतात, आणि त्यांना कोणी सांगत नाही की आता त्याची गरज नाही. हे सांगणं डॉक्टरांचं, समुपदेशकांचं काम आहे, तसं ते आपलंही आहे.

तुमचं घर असं दोन रिपोर्टांचं असेल, तर पुढच्या तपासणीला दोघं मिळून जा. डॉक्टरांना विचारा, "शेवटचा व्हायरल लोड कधी झाला आणि किती आला?" तो आकडा दोघांनीही समजून घ्या. जवळचं केंद्र माहीत नसेल, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा, नाव न सांगताही माहिती मिळते. आणि असं जोडपं तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांच्या घरचा चहा घ्या, आणि त्यांनी विश्वासानं सांगितलेलं तुमच्यापाशीच राहू द्या.